रेटिंग लेबलचे कोपरे वारंवार उचलतात तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

रेटिंग लेबल म्हणजे उपकरणाचा व्होल्टेज, वॅट अशी माहिती देणारे चिकट लेबल. ते सुटण्याचा बिघाड बहुधा पुढीलपैकी एका रूपात समोर येतो. लेबल लावले त्या दिवशी घट्ट दिसते आणि दोन-तीन दिवसांनी त्याचा एखादा कोपरा उचलतो. किंवा माल गोदामातून निघताना अख्खे लेबल एका झटक्यात निघून हातात येते आणि पत्र्यावर गमचा मागमूसही उरत नाही. काही वेळा लेबल जागेवर राहते, पण त्याखाली वाटाण्याएवढे फुगे येतात. व्हिनाइलचे (पीव्हीसी प्लास्टिकचे) लेबल असेल तर ते कडांनी आक्रसते आणि चारही बाजूंनी गमची चिकट चौकट उघडी पडून तिच्यावर धूळ बसते. शेवटचे लक्षण सर्वांत फसवे असते: लेबल पक्के चिकटलेले असते, पण त्यावरचा मजकूर ओल्या फडक्याने पुसला जातो.

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेबल छपाई आणि डाय-कटिंगच्या (साच्याने लेबल कापण्याच्या) कामात मला चौदा वर्षे झाली. घरगुती आटाचक्की, पंपांचे स्टार्टर पॅनेल, मिक्सर, हळदीच्या बरण्या अशा नाना वस्तूंवरची लेबले सुटल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येक तक्रार ‘गम खराब आला’ या वाक्याने सुरू होते. गम खरोखरच खराब निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्या वेळी दोष पृष्ठभागाचा, हवेचा किंवा हाताचा होता. म्हणून पुढील तपासण्यांत गम बदलण्याचा विचार जाणीवपूर्वक शेवटी ठेवला आहे. विजेच्या उपकरणावरचे रेटिंग लेबल ही शोभेची वस्तू नसून प्रमाणित उत्पादनाचा भाग असते, आणि तो भाग परस्पर बदलता येत नाही, हे त्यामागचे दुसरे कारण आहे.

सुरुवात सुटलेल्या लेबलच्या पाठीपासून करावी. याला एक पैसाही लागत नाही आणि तरीही हीच पायरी सर्रास गाळली जाते, कारण सुटलेले लेबल चुरगळून फेकण्याची आपल्याला सवय असते. ते फेकू नये; कोऱ्या लायनरवर (लेबलच्या पाठीच्या गुळगुळीत कागदावर) अलगद ठेवून उजेडात तिरपे धरून पाहावे. गम पूर्णपणे लेबलवरच असेल आणि पत्रा कोरा असेल, तर गम पृष्ठभागाला नीट भिडलाच नव्हता, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी गमवर काय चिकटून आले आहे ते पाहावे. आटाचक्कीच्या कारखान्यात चाचणीच्या पिठाचा थर दिसतो, हळदीच्या पॅकिंगमध्ये पिवळी झाक दिसते, पत्र्याच्या कामात तेलकट चमक दिसते. गम दोन्हीकडे वाटला गेला असेल आणि ओढताना त्याच्या तारा निघत असतील, तर गम मऊ पडला आहे. उष्णता, तेल किंवा पीव्हीसीमधून झिरपणारे प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य) हे त्याचे नेहमीचे कारण असते. आणि गमचा सगळा थर पत्र्यावर राहून लेबलची फिल्मच तेवढी कोरी निघाली, तर गम फिल्मला धरून राहिला नाही. हा एकमेव प्रकार असा आहे की, ज्यात लेबलच्या मालावर थेट संशय घ्यावा आणि रोलचा लॉट क्रमांक लिहून ठेवावा.

याच वेळी नेमका कोणता कोपरा उचलतो याची नोंद करावी. दहापैकी आठ नगांवर तोच एक कोपरा उचललेला असेल, तर पुढच्या निम्म्या तपासण्यांची गरज उरत नाही. लेबल लावणारी व्यक्ती लायनरवरून लेबल सोडवताना तोच कोपरा चिमटीत धरत असते. बोटांचा घाम आणि तेल तेवढ्या जागेच्या गमवर बसते आणि तिथला चिकटपणा लेबल वस्तूवर जाण्याआधीच संपलेला असतो. लायनर मागे दुमडून लेबलची एक कड मोकळी करावी, ती कड वस्तूवर टेकवावी आणि मग लायनर ओढून काढावा. गमला बोट लावण्याचे कारणच उरत नाही.

यानंतरची तपासणी पुसण्याची. एकाच लॉटचे वीस नग घ्यावेत. दहा नग नेहमीप्रमाणे ठेवावेत आणि दहा नग आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाने पुसावेत. पुसण्याची रीत महत्त्वाची आहे: एका स्वच्छ फडक्याने ओले करावे आणि ते आपोआप वाळण्याची वाट न पाहता लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. मिश्रण जागेवरच वाळू दिले तर सुटलेला मळ पुन्हा तिथेच बसतो आणि पुसूनही फरक पडत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम वेल्डिंग आणि भट्टीपासून दूर, खेळत्या हवेत करावे. सर्व वीस नगांवर लेबले लावून तीन दिवसांनी तुलना करावी. पुसलेले नग टिकले आणि बाकीचे सुटले तर आपला प्रश्न स्वच्छतेचा आहे, आणि महागडा गम हे त्याचे उत्तर नाही.

येथे दोन सवयींविषयी सांगणे आवश्यक आहे. पहिली सवय थिनरची. एका पॅनेल बनवणाऱ्या ग्राहकाने माझ्या ‘पुसून घ्या’ या मोघम सल्ल्यावरून पावडर कोटिंग (भट्टीत वितळवून बसवलेला भुकटीचा रंग) केलेले पत्रे थिनरने पुसले. कोटिंगचा वरचा थर मऊ पडला, चकाकी गेली आणि लेबले पूर्वीपेक्षा लवकर सुटली. चूक माझी होती, कारण कशाने पुसावे हे मी सांगितले नव्हते. दुसरी सवय कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवण्याची. फिल्टर नसलेल्या कॉम्प्रेसरची हवा तेलाचे आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब सोबत आणते. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या ओल्या हवेत, हे पाणी बरेच असते. कोऱ्या आरशावर दहा सेकंद हवा मारून पाहावी. आरसा धुरकट झाला तर उत्तर मिळाले. प्लास्टिकच्या मोल्डिंग विभागात सिलिकॉनचा स्प्रे वापरला जात असेल तर तोही याच खात्यात मांडावा. सिलिकॉन हवेतून लांबवर जाते आणि साध्या पुसण्याने ते पूर्णपणे निघत नाही. लेबलच्या लायनरवर गम चिकटू नये म्हणून जो थर दिलेला असतो तो सिलिकॉनचाच असतो, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

तापमानाची तपासणीही स्वस्तच आहे, पण ती योग्य वेळी करावी लागते. प्रत्येक गमला दोन तापमाने असतात: कमीत कमी किती तापमानाला लेबल लावावे हे एक, आणि लावल्यानंतर ते कोणत्या मर्यादेत टिकते हे दुसरे. डेटाशीटवर ‘उणे २० ते ८० अंश’ असे वाचून लोक निर्धास्त होतात, पण तो आकडा दुसऱ्या प्रकारचा असतो. सर्वसाधारण कायमस्वरूपी अॅक्रिलिक गमसाठी लावतानाचे किमान तापमान बहुधा १० अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेले असते, आणि त्या मर्यादेच्या जवळ गम ताठर असल्यामुळे पृष्ठभागाच्या बारीक खाचांत तो सावकाश पसरतो. जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा बराच उतरतो आणि रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले लोखंड सकाळी आठला हवेपेक्षाही गार असते. पहिल्या पाळीतले लेबल सुटते आणि दुपारचे टिकते, अशी तक्रार आली की मी प्रथम हेच विचारतो. तापमान हवेचे न घेता वस्तूचे घ्यावे. त्यासाठी साधा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. वस्तू आणि लेबलचा रोल दोन्ही निदान १८-२० अंशांवर आल्यावर काम सुरू करावे.

शीतगृहातून काढलेल्या मालाचे प्रकरण वेगळे आहे. तासगाव-सांगली भागात बेदाण्याचे डबे शीतगृहातून बाहेर आणले की काही मिनिटांत त्यांच्यावर दव धरते. डोळ्यांना ते नेहमी दिसत नाही, पण गमला ते कळते. डबा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे किंवा लेबल शीतगृहात जाण्याआधी लावून त्याला एक दिवस मुरू द्यावे. अन्नपदार्थांच्या वेष्टनावरील लेबल वेष्टनापासून सुटणार नाही अशा रीतीने लावलेले असावे, ही अट अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग विनियमांत आहेच. त्यामुळे येथेही प्रश्न केवळ देखाव्याचा नाही.

मुरण्याचा हा काळ स्वतंत्रपणे समजून घ्यावा. दाबाने चिकटणारा गम वाळत नाही. तो पसरत जातो. लावल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत त्याची पकड अपुरी असते, २४ तासांनी ती बरीच वाढते आणि पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. प्रयोगशाळेतही ओढून काढण्याच्या चाचण्या २० मिनिटांनी आणि २४ तासांनी अशा वेगवेगळ्या घेतल्या जातात, त्या याच कारणाने. एका कारखान्यात तपासनीस प्रत्येक नगावर लेबल लावल्यावर लगेच नखाने कोपरा उचलून ‘पक्के आहे की नाही’ ते पाहत असे. सुटणाऱ्या लेबलांचे कारण ती तपासणीच होती. एकदा उचललेला कोपरा पुन्हा दाबला तरी पूर्ववत बसत नाही.

दाबाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. या जातीच्या गमला दाब हवाच; तळहाताने थोपटणे म्हणजे दाब नव्हे. रबरी रोलर किंवा स्क्वीजी (दाबून फिरवायची सपाट पट्टी) मध्यापासून कडांकडे फिरवावी आणि चारही कोपऱ्यांवर पुन्हा एकदा दाब द्यावा.

इथपर्यंत काही सापडले नाही, तर पृष्ठभागाच्या स्वभावाकडे वळावे. पुसून कोरड्या केलेल्या जागेवर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब पसरला तर गमही पसरेल; थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर गमही तसाच अंग चोरून राहील. यामागे पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभागाची द्रवाला पसरू देण्याची ताकद, आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ डाइनच्या (दर सेंटीमीटरला) घरात असतो. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची पृष्ठऊर्जा ३० डाइनच्या आसपास असते, एबीएस (उपकरणांच्या बॉडीचे कडक प्लास्टिक) आणि पॉलिएस्टर यांची साधारण ४० च्या आसपास, आणि स्वच्छ धातूची त्याहून कितीतरी अधिक. म्हणून जे लेबल एबीएसच्या मिक्सर बॉडीवर वर्षानुवर्षे टिकते तेच पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणावर आठवडाही काढत नाही. नेमके मोजायचे असेल तर डाइन पेन (ठरावीक पृष्ठताणाच्या शाईचे पेन) मिळते. ३८ क्रमांकाच्या पेनची रेघ दोन सेकंद अखंड राहिली तर बहुतेक सामान्य गम तिथे चालतात, रेघ फुटून थेंब झाले तर चालत नाहीत. हळदीच्या बरण्यांसारख्या एचडीपीईच्या (घट्ट पॉलिएथिलीनच्या) वस्तूंवर ज्वाला किंवा कोरोना (विद्युत विसर्गाची) प्रक्रिया करून ही ऊर्जा वाढवता येते, परंतु तिचा परिणाम साठवणुकीत उतरत जातो. प्रक्रिया करून चार महिने पडून राहिलेल्या बरण्या ताज्या समजू नयेत.

पावडर कोटिंगला मात्र एकच स्वभाव नसतो, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ यातच जातो. पावडरमध्ये मेण, प्रवाह सुधारणारी द्रव्ये आणि खरबरीतपणा आणणारी द्रव्ये घातलेली असतात. रंग तोच, चकाकी तीच, पण पावडरचा पुरवठादार बदलला की लेबल सुटू लागते आणि खरेदी विभागाला या दोन गोष्टींचा संबंध सुचत नाही. तक्रार कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि त्या आठवड्यात पावडरचे कोणते पोते फोडले गेले, हे नोंदवहीत शेजारी शेजारी मांडून पाहावे. खरबरीत कोटिंगवर आणखी एक अडचण असते. वीस-पंचवीस मायक्रॉनचा गमचा थर फक्त उंचवट्यांना टेकतो आणि खाचांत पोहोचत नाही. अशा कोटिंगवर काळी शाई लावून त्याचा ठसा कागदावर घ्यावा तसा विचार करावा: प्रत्यक्षात निम्मीच जागा भिडलेली असते. अशा पृष्ठभागासाठी जाड थराचा गम लागतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे लेबलपुरती गुळगुळीत जागा ठेवण्यास कोटिंगवाल्याला सांगणे किंवा लेबलची जागा बदलणे.

आकाराच्या चुका त्या मानाने लगेच दिसतात. ताठ पॉलिएस्टरचे लेबल लहान व्यासाच्या नळीवर गुंडाळले तर ते सरळ होण्यासाठी सतत झटते आणि कडेने सुटते; तेथे मऊ फिल्म हवी. वेल्डिंगच्या शिवणीवर किंवा वाकवलेल्या कडेवर लेबल चढवू नये. चौकोनी टोकांऐवजी दोन-तीन मिलिमीटरच्या गोलाईचे कोपरे घेतल्यास कापडाला किंवा पुठ्ठ्याला अडकून उचलण्याचे प्रमाण कमी होते. डाय (लेबल कापण्याचा साचा) नव्याने करायचीच असेल तर हे आधीच सांगावे.

फुगे आले असतील तर लेबल लावताना हवा अडकली की नंतर वायू सुटला हे ओळखावे. पहिल्या प्रकारचे फुगे तत्क्षणी दिसतात, दुसऱ्या प्रकारचे एक-दोन दिवसांनी किंवा वस्तू तापल्यावर उमटतात. पॉलिकार्बोनेटसारखी काही प्लास्टिके मोल्डिंगनंतर ओलावा आणि वायू सोडत राहतात, त्यामुळे ताज्या नगांवर घाईने लेबल लावू नये.

रोलचे वयही एकदा पाहावे. बहुतेक लेबल मालाचा साठवणकाळ सुमारे २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता या परिस्थितीत दोन वर्षे दिलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या रोलला ही मुदत लागू होत नाही. रोलच्या कडांना गम पाझरलेला दिसला तर तो रोल रेटिंग लेबलसाठी वापरू नये.

आता प्रमाणपत्राचा भाग. घरगुती विद्युत उपकरणांसाठीच्या आयएस ३०२ (भाग १) या मानकात खुणांच्या टिकाऊपणाची चाचणी दिली आहे: लेबल पाण्यात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद आणि नंतर पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुन्हा १५ सेकंद हाताने घासायचे. त्यानंतर मजकूर सहज वाचता आला पाहिजे, पट्टी सहज निघता कामा नये आणि ती गुंडाळलेली दिसता कामा नये. म्हणजे अक्षरे शाबूत राहून फक्त कोपरा वळला तरी लेबल नापास होते. ही घासण्याची चाचणी आपल्या टेबलावर प्राथमिक स्वरूपात करता येते, पण त्यासाठी मोटारसायकलच्या टाकीतले पेट्रोल वापरू नये. मानकातला द्रावक हेक्झेन जातीचा असून त्यात अॅरोमॅटिक (बेंझिन जातीची) द्रव्ये जवळजवळ नसतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ती असतात आणि ती चांगली शाईसुद्धा विरघळवतात. मी पाहिलेल्या ‘नापास’ लेबलांपैकी काही अशाच रीतीने अन्यायाने नापास झाली होती. याउलट थर्मल ट्रान्सफर प्रिंटरमध्ये (उष्णतेने रिबनवरची शाई लेबलवर उतरवणाऱ्या यंत्रात) स्वस्त मेणाची रिबन टाकली असेल तर मजकूर न्याय्य रीतीनेच जातो. पॉलिएस्टर लेबलवर रेझिन रिबन वापरावी.

निर्यातीच्या मालासाठी अमेरिकेतील यूएल ९६९ या मानकानुसार मान्यता असलेला लेबल माल मागितला जातो. ही मान्यता एकट्या गमला मिळत नाही. फिल्म, गम, शाई किंवा रिबन, वरचे लॅमिनेशन, कोणता पृष्ठभाग, किती कमाल तापमान, घरातला वापर की बाहेरचा, या सगळ्यांच्या जोडणीला ती मिळते. यादीत ‘पॉलिएस्टर पावडर पेंट’ लिहिले असेल आणि आपली वस्तू पॉलिप्रॉपिलीनची असेल, तर रोलवर मान्यतेची खूण असूनही आपल्या वस्तूवर त्या मान्यतेचा उपयोग नाही. पुरवठादाराकडून केवळ प्रमाणपत्राचे पहिले पान न मागता पृष्ठभाग आणि तापमान यांचा तक्ता मागावा.

म्हणूनच काही गोष्टी स्वतःहून मुळीच करू नयेत. सुटणाऱ्या कोपऱ्याखाली झटपट चिकटणारा डिंक सोडू नये, लेबलवर पारदर्शक टेप मारू नये आणि ‘जरा जास्त चिकट’ असा दुसरा गम परस्पर मागवू नये. या तिन्ही उपायांनी लेबल त्या दिवशी बसते, पण ज्या जोडणीची चाचणी झाली होती ती जोडणी आता वस्तूवर राहिलेली नसते. लेबल मऊ करण्यासाठी हीट गन (गरम हवा सोडणारे हत्यार) वापरायची असेल, तर वीजपुरवठा जोडलेल्या पॅनेलवर ती कदापि धरू नये.

थांबण्याची वेळ कधी आली हे असे ओळखावे. पुसलेले, योग्य तापमानाला, रोलरने दाबून लावलेले आणि ७२ तास मुरलेले दहापैकी दोन नग जरी सुटले, तर घरगुती तपासणी संपली असे समजून लेबल पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला बोलवावे. फिल्म, गम, रिबन किंवा लेबलची जागा बदलावी लागणार असेल आणि वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल, तर बदल करण्यापूर्वी आपले प्रमाणनाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीशी आणि आवश्यक तेथे भारतीय मानक ब्यूरोच्या शाखा कार्यालयाशी लेखी बोलावे. चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. रेटिंग, अर्थिंगची सूचना किंवा इशारा नसलेला माल आधीच बाजारात गेला असेल, तर तो लेबलवाल्याचा प्रश्न राहत नाही, त्याच दिवशी व्यवस्थापनाला कळवावे.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी पुढील वस्तू तयार ठेवल्यास त्याची एक फेरी वाचते: लायनरवर जपून ठेवलेली निदान तीन सुटलेली लेबले, त्याच रोलची न लावलेली लेबले, लेबल न लावलेला एक नग जसा असेल तसा, न पुसता, प्लास्टिकच्या पिशवीत, रोलचा आणि पावडरचा लॉट क्रमांक, आणि लेबल लावल्याची तारीख, वेळ व पाळी.